कुंडी कुणाची, छत्रीची की झाडाची?

गच्चीवर लावायची नऊ फुटी छत्री घेतली की बरोबर बहुधा प्लॅस्टिकचं एक बूड मिळतं. आत वीस-पंचवीस लिटर पाणी भरायचं आणि वारा येणार नाही अशी आशा करायची. ही आशा साधारण ताशी सत्तावीस किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत टिकते. त्यापुढे छत्री आडवी होते आणि तिच्या वाटेतल्या बरण्या, कप, शेजाऱ्यांचे पापड तिच्याबरोबर जातात.

तेव्हा बूड फेकून द्यायचं आणि छत्री जड कुंडीत रोवायची, इथपर्यंत आमच्या पुण्यातल्या घरात एकमत होतं. कुंडीत भरायचं काय, यावर मात्र माझा थोरला भाऊ आणि माझी मुलगी यांच्यात जुंपली. दादाची हयात बांधकामाच्या साइटवर गेली. मुलगी गच्चीवर भाजी आणि फुलझाडं लावते, ओल्या कचऱ्याचं खत करते आणि सिमेंट दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडते. दोघांचं बोलणं इथे देतो. जिथे राहवलं नाही तिथे मी तोंड घातलं आहे.

काका : एकदाच काय ते काम करायचं. दीड फुटी चौकोनी फायबरची कुंडी आणायची, मधोमध पाइप उभा करायचा आणि काठोकाठ काँक्रीट भरायचं. घनमीटरला चोवीसशे किलो भरतं काँक्रीट. सत्तर लिटर माल बसला तरी एकशेसत्तर किलो झाले. नंतर वाऱ्याचा बाप आला तरी हलायची नाही.

पुतणी : मग तिला कुंडी कशाला म्हणायचं, काका? रंगीत फायबर चढवलेला ठोकळा झाला तो. आपण माती भरू. वजन मातीलाही असतं, आणि वर काहीतरी हिरवं दिसेल.

काका : कुठली माती? तुझी ती कोकोपीटवाली? मे महिन्यात दुपारी चार वाजता बोट खुपसून बघ त्यात. कापसासारखी हलकी झालेली असते. आणि आपल्याकडे वळीव येतो कधी? नेमका तेव्हाच. आधी वारा, मग पाऊस. म्हणजे वजनाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा तुझी माती सगळ्यात हलकी असणार.

हा मुद्दा बिनतोड होता. वळवाच्या ढगातून गार हवा खाली कोसळते, जमिनीला आपटून चहूकडे पसरते, आणि पाऊस पोचायच्या आधी तीच आपल्या गच्चीवर येते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, ती अशाच धुळीच्या वादळात. होर्डिंगपुढे छत्री ती काय, पण दोघांना ढकलणारा वारा एकाच जातीचा.

पुतणी : बरं, कोकोपीट नको. लाल माती घालते, चांगली दाबून.

काका : दाबलेली माती ओली झाली की मऊ पडते. छत्री डुलायला लागली की दांडा मातीत गोल गोल फिरतो आणि स्वतःचं भोक मोठं करत जातो. दोन पावसाळ्यांत तुझी छत्री दारूड्यासारखी कलती. मातीनं वजन देता येईल, पकड देता येणार नाही. पकड काँक्रीटचीच.

पुतणी : पकडीपुरतं काँक्रीट मान्य. पण तुम्ही नुसतं किती किलो, किती किलो करताय. बूड किती रुंद, हे कुणी विचारायचं?

इथे काका पहिल्यांदा थांबले. प्रश्न त्यांच्याच शाळेतला होता. कुंडी उलथते ती तिच्या कडेवर. तिला धरून ठेवणारा जोर म्हणजे वजन गुणिले मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर. दीड फुटी कुंडीत हे अंतर बावीस सेंटिमीटर. एकशेसत्तर किलो गुणिले ०.२२ मीटर, उत्तर सदतीस. आता दोन फुटी कुंडी घ्या. तळाला फक्त चार इंच काँक्रीट, म्हणजे पाऊणशे किलोच्या आसपास. वर फूटभर माती, अगदी हलकी कोकोपीटवाली आणि कोरडी धरली तरी पन्नासेक किलो. कुंडीसकट एकशेतीस धरा. अंतर तीस सेंटिमीटर. उत्तर एकोणचाळीस. वजन चाळीस किलोंनी कमी, पकड थोडी जास्तच, आणि मातीचा हिशेब कोरडी धरूनच केलेला. पाणी घातलं की वरचा सगळा फायदा.

काका : अंतराचं तुझं बरोबर आहे. पण कुंडी सरळसोट भिंतींची आण. दुकानात वर रुंद आणि खाली निमुळत्या कुंड्या मिळतात, त्यांच्या तोंडाच्या मापावर जाऊ नकोस. उलथणं बुडावर ठरतं.

पुतणी : आता सांगा, समोरून वारा किती जोर लावतो?

काका : भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात सूत्र आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ नं गुणायचं. ताशी चाळीस किलोमीटरला चौरस मीटरमागे साडेसात किलोचा दाब येतो. साठला सतरा. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट.

पुतणी : आणि आपल्या छत्रीला?

काका : उघडी, सरळ उभी छत्री बाजूनं बघितली तर पाऊण चौरस मीटर दिसते. चाळीसच्या वाऱ्यात साडेपाच किलो, तेही सव्वादोन मीटर उंचीवर. उलथवणारा जोर बारा झाला. साठच्या वाऱ्यात अठ्ठावीस. आपले सदतीस काय, एकोणचाळीस काय, दोन्ही पुरतात. हा ढोबळ हिशेब हं. खालून शिरणारा वारा छत्री उचलतो तो वेगळा. म्हणून डोक्याला झडप असलेली, दुहेरी कापडाची छत्री घ्यायची.

पुतणी : मग माझा खरा प्रश्न. साठच्या वाऱ्यात कुंडी उभी राहील. छत्री राहील का?

काकांनी दांडा बोटांनी वाजवून पाहिला. अडतीस मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा.

काका : काड्या आधी जातील. दांडाही वाकायच्या बेतात येईल.

पुतणी : म्हणजे तुमचा ठोकळा जागचा हलणार नाही, आणि त्याच्यावर मोडलेली छत्री. शाबास!

मला विचाराल तर सगळ्या वादाची गाठ इथे आहे. स्टँड भक्कम करण्याच्या नादात आपण छत्रीलाच विसरतो. त्याच मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबईसाठी ४४. ताशी किलोमीटरमध्ये १४० आणि १५८. इमारती त्या हिशेबानं बांधायच्या असतात. छत्री त्या वाऱ्यासाठी नाहीच. फ्रान्सिस ब्युफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे त्या पायऱ्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. त्यात सहाव्या पायरीची, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची, एक खूण अशी की हातातली छत्री वापरणं अवघड होतं. चौथ्या पायरीला, वीस ते अठ्ठावीसला, धूळ आणि सुटे कागद उडू लागतात. गच्चीवर वर्तमानपत्र उडालं की छत्री मिटायची. यंत्र नको, ॲप नको.

काका : मिटायची हे बोलायला ठीक. घरी कुणी नसलं तर? निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि त्या दिवशी पुण्यातसुद्धा झाडं पडली. वारा काय फोन करून येतो?

पुतणी : त्या वादळाचा इशारा आधीपासून होता, काका. घराबाहेर पडताना आपण गॅस बंद करतो ना? तशी छत्री मिटायची, पट्टा आवळायचा. उघडी छत्री मागे ठेवून गच्चीचं दार लावायचंच नाही.

काका : तू लावशील शिस्त. तुझा बाप लावणार नाही.

यावर मी काही बोललो नाही. उलट विषय बदलायला एक तोडगा सुचवला, की कुंडीबिंडी नकोच, स्लॅबलाच प्लेट ठेवून चार बोल्ट मारू. दोघं एकदम माझ्याकडे वळले.

काका : कोब्याला भोक पाडतोस? खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली की त्यांची समजूत काढायला तूच जा. विटांचे तुकडे घालून केलेला कोबा एकदा फोडला की पाणी कुठून शिरतं आणि कुठे निघतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

पुतणी : पण बाबांमुळे आठवलं. वजन तर वजन, ते ठेवणार कुठे? तुमचे एकशेसत्तर किलो दीड फुटाच्या चौकोनावर!

काका : वावर असलेल्या गच्चीला चौरस मीटरमागे दीडशे किलो भार धरतात. बाकी गच्ची मोकळी असली तर एका कुंडीनं स्लॅब खचत नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. तरी मी ती मधोमध ठेवणार नाही. खाली बीम किंवा भिंत असेल तिथे, शक्यतो कॉलमजवळ. बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या टोकाला तर अजिबात नाही. आणि तुझ्या मातीत पावसाळ्यात पाणी भरलं की तुझेही एकशेऐंशी होतात, हे विसरू नकोस.

चाकांवरून आणखी एक फेरी झाली. मुलीला कुंडीला चाकं हवी होती, कारण ऊन फिरतं. काका म्हणाले, चाकांवर कुंडी दोन-तीन इंच उंच होते आणि टेकायची जागा बुडाच्या कडेऐवजी चाकांवर येते, म्हणजे जे तीस सेंटिमीटर मिळवले त्यातले पाच-सात गमावले. शिवाय ब्रेक सुटला तर कुंडीच गच्चीभर फिरते. त्यांनी गोणपाटाचा उपाय दिला. कुंडी जराशी कलवून खाली गोणपाट सारायचं आणि दोघांनी मिळून ओढायचं.

खरं तर कुंडी किती वेळा हलवावी लागते? पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो. तेव्हा भर दुपारी छत्रीची सावली तिच्या पायाशीच पडते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, आणि सव्वादोन मीटर उंच छत्रीची सावली भर दुपारी दोन मीटर उत्तरेला सरकते. म्हणजे दुपारच्या उन्हासाठी वर्षातून दोनदा जागा बदलली की पुरे. अडचण संध्याकाळची. मेमध्ये साडेचार वाजता सावली तीन मीटरहून जास्त पूर्वेला गेलेली असते, खुर्च्या भाजत असतात, आणि मग माणूस छत्री पश्चिमेकडे कलती करतो.

काका : इथेच घात होतो. तीस अंश कलली की पाऊणऐवजी जवळजवळ तीन चौरस मीटर कापड वाऱ्यापुढे येतं. चौपट! मग माझा ठोकळा असो की तुझी कुंडी, चाळीसच्या वाऱ्यातसुद्धा भरवसा नाही.

पुतणी : मग संध्याकाळी गच्चीवर बसायचंच नाही?

या एका बाबतीत मी दोघांच्याही विरुद्ध आहे. मावळतीच्या उन्हाला छत्री हे उत्तरच नाही. ते ऊन आडवं येतं, त्याला आडोसा लागतो. पश्चिमेच्या कठड्याला बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा बांधा आणि छत्री सरळ उभी राहू द्या. कलती होणारी छत्री दुकानदार जास्त पैशांना विकतो. गच्चीवर ती सोय म्हणजे विकतचं दुखणं आहे.

शेवटी बांधायची कशी, यावर काकांचा शब्द चालला. तो त्यांच्याच भाषेत द्यायला हवा.

काका : पाइप पीव्हीसीचा नको. उन्हानं कडक होतो आणि तडकतो. जीआयचा घे, दीड इंची, बी क्लास. आतून बेचाळीस मिलिमीटर असतो, अडतीसचा दांडा नीट बसतो. लांबी दोन फूट. फॅब्रिकेटरकडे नेऊन खालच्या टोकाला दोन सळया आडव्या वेल्ड करून आण, फुलीसारख्या. त्या काँक्रीटमध्ये अडकल्या की पाइप फिरत नाही, उपटून येत नाही. वरच्या टोकाजवळ दोन भोकं, एकाखाली एक, त्यांवर नट वेल्ड केलेले. कानवाले बोल्ट पिळले की दांडा खडखडायचा थांबतो.

पुतणी : आणि पाणी? पाइपमध्ये पाणी साचलं तर तळ गंजणार.

काका : म्हणून पाइप काँक्रीटच्या आरपार, थेट कुंडीच्या भोकापर्यंत न्यायचा, आणि दांडा खाली निसटू नये म्हणून तळाशी आत एक छोटी सळई आडवी. कुंडी विटेच्या चार तुकड्यांवर नाही हं ठेवायची, टेकू बुडाच्या कडेलाच हवा. चारी कोपऱ्यांत पाव-पाव इंच जाडीचे रबराचे तुकडे चिकटव. पाणी निघून जातं, कोबाही खरवडत नाही.

पुतणी : मातीतलं जास्तीचं पाणी कुठून जाईल? खाली चार इंच काँक्रीट बसलंय.

काका : कोपऱ्यांत पाऊण इंची पीव्हीसीचे तुकडे उभे ठेवायचे, खाली कुंडीला तशीच भोकं पाडून. त्यांची तोंडं काँक्रीटच्या पातळीला हवीत, वर आली तर तेवढं पाणी तुंबेल. माल ओतताना चिंधीची बोळी कोंब त्यात, नाहीतर सिमेंटचं पाणी शिरून बुजतील. माल एकास दोन, चार. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी बेतानं. पातळ केलंस तर काम सोपं होतं आणि काँक्रीट हलकट निघतं. ओतताना सळईनं खोचत राहायचं, हवा निघाली पाहिजे. पाइपला दोन बाजूंनी ओळंबा लाव. एका बाजूनं सरळ दिसतो तो दुसऱ्या बाजूनं हमखास कलता असतो. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस पाणी मारायचं. अठ्ठावीस दिवसांनी पूर्ण ताकद. तोवर छत्री लावायचा मोह आवर. आणि हे सगळं कुंडी जिथे राहणार तिथेच कर. भरलेली कुंडी जिन्यानं वर न्यायला माझ्याकडे यायचं नाही.

मुलीनं यात दोनच गोष्टी घातल्या, पण त्या मोलाच्या. ताज्या सिमेंटचा चुना मातीत उतरतो आणि झाडांची पानं पिवळी पडतात. म्हणून काँक्रीट पक्कं झालं की कुंडीत पाणी भरून ठेवायचं, बदलत राहायचं, आणि मगच विटांचे तुकडे आणि माती घालायची. दुसरं, छत्रीखाली ऊनही नसतं आणि पाऊसही. तिथे तुळस आणि मोगरा लावणं म्हणजे त्यांचा छळ. स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, मनी प्लांट तग धरतात. मुळं जाडजूड होणारं झाड, कडीपत्त्यासारखं, मुळीच नको.

वाद मिटला असं वाटत असताना काकांनी चौकातल्या भाजीवाल्याचा विषय काढला.

काका : त्याच्याकडे बघितलंयस का? तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यात काँक्रीट, मध्ये पाइप. सगळं मिळून छत्तीस किलो. त्याची छत्री आपल्याहून मोठी. पडत का नाही?

पुतणी : दोरी!

काका : बरोबर. एक दोरी विजेच्या खांबाला, एक झाडाला, एक हातगाडीला. तंबूला तणावे असतात तसे. छत्तीस किलोचं काम दोरी करते. कठड्याला आतल्या बाजूनं दोन कड्या बसव, दांड्याला छातीच्या उंचीवर पट्टा, आणि दोन दोऱ्या. वारा तिरका आला तरी छत्री कठड्यापलीकडे जाणार नाही.

पुतणी : मग आधी कशाला एकशेसत्तर किलो, एकशेसत्तर किलो करत होतात?

काका : सवय.

ठरलं ते असं : दोन फुटी सरळ भिंतींची कुंडी, चार इंच काँक्रीट, वर माती, चाकं नाहीत, दोन दोऱ्या, आणि कलती न होणारी छत्री. काकांच्या मते अजूनही काँक्रीट सहा इंच हवं होतं. मुलीच्या मते तीन इंचांत भागलं असतं. मी चार इंचांच्या बाजूनं आहे.

तुम्ही हे करणार असाल तर आधी इमारतीचा नकाशा काढा आणि गच्चीखाली बीम कुठे आहेत ते बघून घ्या. नकाशा नसेल तर सोसायटीच्या कार्यालयात विचारा. आणि पहिल्या किंवा त्यावरच्या मजल्यावर राहत असाल तर काँक्रीट चार इंच की सहा, हा प्रश्न बाजूला ठेवून दोऱ्या आधी बसवा. तुमच्या कठड्यावरून उडालेली छत्री खाली रस्त्यावर कुणाच्या तरी डोक्यावर पडेल.